प्लॉटचे भाव वाढले की घरखर्चाचा हात सैल होतो की आखडतो?

कारंजेकर :
अर्थशास्त्र म्हणतं, घर-जमिनीचे भाव चढले की मालकाला आपली ऐपत वाढल्यासारखी वाटते आणि तो सढळ हाताने खर्च करतो. आमच्या वाशिम जिल्ह्यात मला उलटं दिसतं. पोरांच्या शाळेसाठी तालुक्याला प्लॉट घ्यावा म्हटलं तर भाव दरवर्षी पुढे पळतो. सोयाबीन विकलं की आधी प्लॉटचा हप्ता जातो. दिवाळीचे कपडे, फ्रिज, घरच्या बाईच्या दाताचा इलाज, सगळं पुढच्या हंगामावर.

सेलूकर :
नाही पटत बाप्पा. समृद्धी महामार्गात ज्यांचं वावर गेलं त्यांनी मोबदल्यातून ट्रॅक्टर घेतले, घरावर स्लॅब टाकला, पोरींची लग्नं केली. तो पैसा बाजारातच आला ना?

कारंजेकर :
आला. पण ते वावर मोडून केलेलं आहे, भाऊ. जमीन गेली तसं तिच्यावरचं पीकही कायमचं गेलं. भाव वाढल्यामुळे खर्च वाढला असं म्हणायचं, तर जमीन हाती असताना तो वाढायला हवा.

बँकमित्र :
मुद्दा तारणाचा आहे. अमेरिकेत २००८ च्या आधी लोक घराच्या चढत्या किमतीवर जादा कर्ज उचलून खरेदी करत होते. भाव कोसळले तसा खर्चही कोसळला. आपल्याकडे गावठाणातल्या कित्येक घरांना ग्रामपंचायतीच्या नमुना ८ पलीकडे, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्यापलीकडे, कागदच नव्हता, आणि तेवढ्यावर कर्ज द्यायला बँक कां कू करते. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं मिळू लागलीत, त्याने थोडा फरक पडेल. रिझर्व्ह बँकेच्या घरगुती वित्त समितीचा २०१७ चा अहवाल सांगतो की सरासरी भारतीय कुटुंबाची ८४ टक्के संपत्ती घर, जमीन आणि इतर वस्तूंत आहे. सोनं ११ टक्के. बँक ठेवी, विमा वगैरे मिळून उरलेले ५. एवढ्यात अडीनडीला हात घालायला काय राहतं?

धामणगावची ताई :
घरकुलाचं कोणी बोललंच नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत केंद्र आणि राज्याचे मिळून मूळ १ लाख २० हजार येतात. रेती, गिट्टी, लोहा आणि मिस्त्रीची मजुरी धरली तर भिंती उभ्या होईस्तोवर ते संपतात. वरचे पैसे बचत गटातून उचलायचे. मग हप्त्यासाठी तेल, डाळ, दूध कमी होतं, आणि पहिले कमी होतं ते बाईच्या ताटातलं. ते कोणाच्या हिशेबात येत नाही.

सेलूकर :
ताई, जागेचा भाव वेगळा आणि बांधकाम वेगळं. बांधकामाचा पैसा गावातच फिरतो : मिस्त्री, सेंट्रिंगवाला, हार्डवेअरवाला. ते थांबलं तर त्यांच्या चुली थंडावतील.

धामणगावची ताई :
मजुरी मिळते, मान्य. पण त्या मिस्त्रीलाही तालुक्याला खोली करावी लागते, आणि जागा महागली की भाडंही चढतं. ज्याचं एकच घर आहे तो ते विकून किराणा भरणार आहे का? विकलं तरी राहायला दुसरं त्याच भावाने घ्यावं लागते. फायदा जास्तीचे प्लॉट बाळगणाऱ्याचा. तुमच्या सेलूत असे किती आहेत, सांगा.