केनियातल्या प्रकाशकांनी मातृभाषेत छापावं का? (न्गुगींच्या निमित्ताने)

शाईफेक
केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो २८ मे २०२५ ला गेले, तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. कामिरिथू गावच्या शेतकरी-मजुरांबरोबर त्यांनी गिकुयू भाषेत नाटक उभं केलं, म्हणून १९७७ च्या ३१ डिसेंबरला त्यांना घरातून उचललं. कामितीच्या तुरुंगात त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. धमक्या येत असतानाही प्रकाशक हेन्री चाकावा यांनी ती १९८० साली छापली. ५००० प्रती महिन्याभरात संपल्याचं न्गुगींनीच लिहून ठेवलंय. बारमध्ये एक जण मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. वाचणाऱ्याचा ग्लास रिकामा झाला की तो ऐन रंगात थांबायचा, मग मंडळी त्याचा ग्लास भरून द्यायची!
वाचक नाहीत ही प्रकाशकांची सबब आहे, असं माझं ठाम मत आहे.

हिशोबनीस
अजिबात पटलं नाही. त्या प्रती न्गुगींच्या नावावर खपल्या. तोवर इंग्रजी कादंबऱ्यांनी त्यांना जगभर नाव मिळवून दिलं होतं. उद्या लुओ किंवा कांबा भाषेत लिहिणारा नवखा लेखक आला तर?
देशात चाळीसहून जास्त भाषा आहेत आणि प्रकाशक जगतो तो शालेय पुस्तकांवर. पूर्वी मंजूर यादीतून शाळा पुस्तक निवडायची आणि गावातल्या दुकानातून घ्यायची. २०१८ च्या शैक्षणिक वर्षापासून सरकार थेट प्रकाशकाकडून घेऊन शाळेत पोचवू लागलं. दुकानदाराचं हक्काचं गिऱ्हाईक गेलं. त्याआधीच, २०१३ मध्ये, पुस्तकांवर १६ टक्के व्हॅट बसला होता. अशा बाजारात कलेंजिन भाषेतल्या कादंबरीत पैसे कोण घालणार? भाषेवरचं प्रेम मलाही कळतं हो, पण कागदवाला उधार देत नाही.

शाईफेक
बाजाराचं मान्य. पण वाचकच नव्हता, हे कसं मानू? जोमो केन्याटा (पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष) १९२८ मध्ये ‘मुइग्विथानिया’ हे गिकुयू मासिक चालवत होते. पुढे गिरधारीलाल विद्यार्थींच्या नैरोबीतल्या छापखान्यात आफ्रिकी संपादकांची वृत्तपत्रं छापली जात, आणि खुद्द विद्यार्थींवर राजद्रोहाचा खटला झाला. १९५२ ला आणीबाणी लागल्यावर गिकुयू वृत्तपत्रांवर बंदी आली. कुणी वाचतच नसेल तर इंग्रज सरकार बंदी कशाला घालेल?

मांडवीकाठ
विद्यार्थींचं नाव आलंच आहे तर पिओ गामा पिंटोही आठवू या. कुटुंब आपल्या गोव्यातलं, जन्म नैरोबीचा. ‘डेली क्रॉनिकल’ या वृत्तपत्रातून त्यांनी इंग्रज सरकारला धारेवर धरलं. पुढे स्वतंत्र केनियात, २४ फेब्रुवारी १९६५ ला, घराच्या फाटकाशी गोळ्या घालून त्यांना मारलं. ‘डेली क्रॉनिकल’ इंग्रजी होतं! वृत्तपत्र धारदार आहे की नाही हे भाषेवरून ठरवू नका, एवढंच.

नैरोबीकर_माजी
मी नऊ वर्षं तिथे काढली, म्हणून लिहिते. स्वाहिली सगळ्यांना येते, तरी त्याच कंपनीच्या इंग्रजी दैनिक ‘नेशन’पुढे स्वाहिली दैनिक ‘ताइफा लिओ’चा खप कितीतरी कमी. पोरं आपसात शेंग (स्वाहिली-इंग्रजीची मिसळबोली) बोलतात, पण परीक्षेचं पुस्तक मागतात इंग्रजीतच. मातृभाषा मला सापडली ती रेडिओवर. माटाटूत (तिथल्या खासगी मिनीबसमध्ये) बसलं की कामेमे नाहीतर रामोगी एफएम लागलेलं असायचंच.
आणि दादा, तुमच्या त्या बारमध्येही वाचणारा एकच होता, बाकी सगळे ऐकणारे.

हिशोबनीस
ताईंनी नेमकं बोट ठेवलं. त्यात आणखी एक भीती आहे. २००७-०८ च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात कलेंजिन रेडिओच्या एका निवेदकावर हेगच्या न्यायालयात खटला चालला. भाषावार माध्यमं म्हणजे टोळीवार माध्यमं, असं तिथे अनेकांना वाटतं. ते खोटं म्हणवत नाही.

शाईफेक
तो खटला २०१६ मध्ये न्यायालयानेच थांबवला, हेही लिहा ना. शिवाय भीती आहे म्हणून भाषाच छापायची नाही?
ताई, ऐकणाऱ्यांचं तुमचं म्हणणं मात्र लागलं. ते मान्य करतो. तरी बारमधल्या त्या एका माणसाच्या हातात पुस्तक होतं म्हणूनच बाकीच्यांना ऐकायला मिळालं. केनियाचं धोरण तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असं सांगतं. पुढे चौथीतल्या मुलाला त्याच्या भाषेतली गोष्ट वाचावीशी वाटली, तर दुकानात काय मिळतं? तुम्ही तिथली दुकानं पाहिली आहेत, तुम्हीच सांगा.

नैरोबीकर_माजी
बायबल. ते मिळायचं. त्यापलीकडे मला तरी फारसं दिसलं नाही.