रॉ कन्व्हर्टर नेमका कुठे बसवायचा? (डिजिकॅम + रॉथेरपी + गिंप)

पाणथळ_भटक्या:
नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत जेपेगच काढायचो, डिजिकॅममध्ये (फोटो चाळायचं सॉफ्टवेअर) निवडायचे, गिंपमध्ये (फोटो एडिटर) कर्व्हज मारायचे, म्हणजे उजेड-कॉन्ट्रास्ट नीट करायचा, आणि विषय संपला. पण आता हिवाळ्यात भिगवणला फ्लेमिंगो काढायला जातो आणि सकाळचं ऊन वर आलं की पांढऱ्या पिसांचं पार वाटोळं होतं, नुसता पांढरा डाग उरतो, म्हणून रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा) सुरू केलंय. त्या रॉचा फोटो बनवायला रॉथेरपी हे कन्व्हर्टर सॉफ्टवेअर टाकलंय पण ते मधे कुठे घुसवायचं तेच कळेना. नॉइज (दाणेदारपणा) घालवणं आणि शार्पनिंग तिथे करायचं की गिंपमध्ये? आणि रॉ उघडलं की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा फोटो एकदम मरगळलेला का दिसतो? लॅपटॉपला रॅम ८ जीबीच आहे.

कर्व्हवाला:
आधी मरगळीचं सांगतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसतो तो रॉ नसतोच, रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला छोटा जेपेग असतो तो दिसतो, त्यावर कॉन्ट्रास्ट, रंग सगळं आधीच चढवलेलं. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पण त्याच जेपेगचा. म्हणून स्क्रीनवर पिसं जळालेली दिसली तरी रॉमध्ये बऱ्याचदा तपशील शिल्लक असतो, तिथल्या तिथे डिलीट मारू नका. रॉथेरपीत एक्स्पोजरखाली ऑटो-मॅच्ड टोन कर्व्ह आहे, तो त्या आतल्या जेपेगशी जुळवून घेतो, सुरुवात तिथून करा.

आता क्रम. निवड आधी, कन्व्हर्टर नंतर. डिजिकॅममध्ये आतला जेपेग पटापट दिसतो, तिथेच नको ते उडवा आणि उरलेल्याचा बॅकअप घ्या. मग रॉथेरपीत व्हाइट बॅलन्स (एकूण रंगाची छटा), एक्स्पोजर, हायलाइट, लेन्स करेक्शन, नॉइज. उजेड आणि रंगाचा जो काही निर्णय असेल तो इथेच घ्यायचा, कारण १४ बिट रॉमध्ये एका रंगाच्या चॅनलला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि ८ बिट जेपेगमध्ये फक्त २५६. पिसांमधला तो बारीक फरक त्या पायऱ्यांमध्येच असतो, एकदा सपाट झाला की गिंपमध्ये कितीही कर्व्ह ओढा, येत नाही. नॉइजपण इथेच, कारण कन्व्हर्टरला सेन्सरचा मूळ डेटा मिळतो. शार्पनिंगचे मात्र दोन भाग करा, लेन्समुळे आलेला मऊपणा काढायला रॉथेरपीतलं कॅप्चर शार्पनिंग आणि शेवटी साइज कमी केल्यावर अगदी हलकंसं परत.

गिंपकडे पाठवताना १६ बिट टिफ (तपशील न गमावणारी फाइल), जेपेग अजिबात नको. गिंप २.१० पासून, म्हणजे २०१८ पासून, जास्त बिट नीट सांभाळतं. फक्त हा रस्ता एकेरी आहे हे लक्षात ठेवा, टिफ झाल्यावर व्हाइट बॅलन्स चुकला वाटलं तर गिंपमध्ये ओढाताण करत बसायचं नाही, मागे जाऊन रॉमध्ये बदलायचा आणि टिफ पुन्हा काढायचा.

निळी_वेळ:
वरचं सगळं पटतं पण मी म्हणेन की प्रत्येक फोटो गिंपला न्यायचाच कशाला? २४ मेगापिक्सेलचा १६ बिट टिफ कॉम्प्रेस न करता १४४ एमबी होतो, त्यात दोन-चार लेयर टाकले की ८ जीबीचा लॅपटॉप धापा टाकायला लागतो. मी डार्कटेबल वापरते, तोही रॉ कन्व्हर्टरच, त्यात मास्क आखून (हवा तेवढाच भाग निवडून) फक्त पक्ष्यावर किंवा फक्त पाण्यावर काम करता येतं, बारीकसारीक डाग रिटच मॉड्यूलने जातात, आणि मूळ रॉला हातही लागत नाही. रॉथेरपीतही ५.९ पासून लोकल अ‍ॅडजस्टमेंट्स आहेत, आधी ते वापरून बघा. बहुतेक फोटो तिथूनच थेट एसआरजीबी (स्क्रीनसाठीचे नेहमीचे रंग) जेपेग करून मोकळे होतात.

पाणथळ_भटक्या:
वा, खूप उपयोग झाला दोघांचा! एक्स्पोजर खाली ओढल्यावर मानेवरची पिसं खरंच परत आली, वेगवेगळी दिसतायत. एका फोटोत चोचीवरून आडवी गवताची काडी गेलीय, ती कुठे काढू?

कर्व्हवाला:
ती गिंपमध्येच. काडीखाली चोचीचा गुलाबी आणि काळा भाग जिथे मिळतो तिथे क्लोन टूल (शेजारचा भाग उचलून वर रंगवतं), लहान ब्रश, झूम करून आणि वेगळ्या लेयरवर करा, म्हणजे बिघडलं तर तेवढंच पुसता येईल. असल्या कामासाठीच टिफ काढायचा. काम एक्ससीएफमध्ये (गिंपची स्वतःची फाइल, लेयर जपते) सेव्ह करा.

धुकं_आणि_दरी:
एक राहिलं, साइडकार फाइली. रॉथेरपी तुमचं सगळं काम रॉच्या शेजारी पीपी३ फाइलमध्ये लिहितं, डार्कटेबल एक्सएमपीमध्ये. फोल्डर आवरताना नुसत्या रॉ फाइली उचलून दुसरीकडे टाकल्या तर केलेली मेहनत मागेच राहते, तेव्हा जोडीनेच हलवा आणि बॅकअपमध्येही दोन्ही जाऊ द्या. उद्या निळी_वेळ यांचं ऐकून डार्कटेबलवर गेलात तर अजून एक, डिजिकॅमला साइडकार लिहायला सांगितलं असेल तर तोही त्याच नावाची एक्सएमपी बनवतो आणि दोघांची गल्लत होऊ शकते, म्हणून स्टार आणि टॅग कुठल्या तरी एकाच ठिकाणी द्यायचे. टिफ मात्र काम झाल्यावर बिनधास्त उडवा, रॉ, पीपी३ आणि एक्ससीएफ असलं की पुरे.