मदत हवी आहे : अनोळखी तलावावर गरवायला जायचंय, भरवशाचा गाईड कसा ओळखावा?

नमस्कार मंडळी,

बाबा पुढच्या महिन्यात ७५ पूर्ण करतील. त्यांची सगळी मासेमारी नदीकाठची. नदी बोलते, असं ते म्हणतात. खडकामागे पाणी उलटं फिरलं की तिथे गळ टाकायचा, धार संथ होते त्या कडेला टाकायचा. पण दोन वर्षांपासून गुडघ्यांमुळे त्यांना काठाचा उतार उतरवत नाही. म्हणून एका मोठ्या तलावावर बोटीत बसून एक अख्खा दिवस गरवायचा बेत केलाय. तलाव आम्हा दोघांनाही नवा आहे. नजर जाईल तिथवर सपाट पाणी, वरून काहीच कळत नाही. त्यामुळे गाईड घेण्यावाचून इलाज नाही.

गेल्या वर्षी असाच एक बेत फसला होता, तो सांगते म्हणजे माझी धास्ती लक्षात येईल. दुसऱ्याच एका तलावावर, फोटोंवर भुलून एक गाईड ठरवला आणि सगळे पैसे आधीच देऊन टाकले. बोटीत आम्ही तिघे आणि लाईफ जॅकेट दोनच. त्यातल्या एकाचं बक्कल तुटलेलं, पट्टा सुतळीने बांधलेला. विचारलं तर म्हणाला, "आज वारा नाही, लागणार नाही." दुपारी वारा सुटला. तलाव लांबुळका आणि वारा नेमका लांबीच्या दिशेने, त्यामुळे तासाभरात लाटा बोटीच्या काठावरून आत शिंपडायला लागल्या. हा मात्र स्वतःची दांडी धरून बसलेला, कारण त्याच्या गळाला काहीतरी लागलं होतं. बाबा एक शब्द बोलले नाहीत. दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसले होते. त्यांच्या बोटांची पांढरी पडलेली पेरं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

या वेळी दोन गाईड निवडून ठेवलेत. पहिल्याचे शेकडो फोटो आहेत आणि "मासा नाही मिळाला तर पैसे परत" अशी हमी आहे. दुसऱ्याचे फोटो मोजकेच. उत्तर द्यायला त्याने दोन दिवस लावले, पण उत्तरात मलाच प्रश्न विचारले : बरोबर कोण आहे, वय काय, बोटीत चढता-उतरता येतं का?

माझी अडचण अशी की मला ते पाणी ठाऊक नाही. मग ज्याला ते ठाऊक असल्याचं तो सांगतो, त्याची पारख मी कशी करायची? फोनवर नेमकं काय विचारू? ज्यांनी असे गाईड घेतलेत किंवा स्वतः हे काम केलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं लोकांना तलावावर घेऊन जायचो. त्या अनुभवावरून लिहितो.

"तुम्हाला किती अनुभव आहे" हे विचारू नका, कुणीही वीस वर्षं सांगेल. त्याऐवजी विचारा, "या दिवसांत भर दुपारी आम्हाला कुठे न्याल आणि का?" या "का"वर सगळं आहे. खोल तलावात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वर ऊन खाल्लेलं हलकं पाणी, खाली गार आणि जड पाणी, आणि मध्ये एक पट्टा, जिथे दर मीटरला एक अंश किंवा त्याहूनही जास्त तापमान उतरतं. बऱ्याच तलावांत उन्हाळा सरत येईतो तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपत आलेला असतो. मग मासा वरच्या उन्हालाही कंटाळलेला आणि खालीही जाऊ न शकणारा, असा त्या पट्ट्याच्या आसपास धरून राहतो. बोटीवरच्या सोनारच्या (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर हा पट्टा धुरकट आडव्या रेघेसारखा दिसतो. उथळ तलावात मात्र वारा सगळं पाणी ढवळून टाकतो, तिथे हे थर टिकत नाहीत. ज्याला पाणी कळतं तो हे आपल्या साध्या शब्दांत सांगेल, "या तलावात इतक्या खोलीवर" असंही सांगेल. तुम्हाला त्यातलं सगळं कळलं नाही तरी तो माणूस विचार करून बोलतोय की थापा मारतोय, हे आवाजावरून कळतं. जागा लपवली तर मी समजू शकतो, तो त्याचा पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण कारण लपवलं तर समजा की कारण माहीतच नाही.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा : "केव्हा परत फिरता?" याचं उत्तर तयार हवं. "बघू तेव्हाचं तेव्हा" म्हणणाऱ्याच्या बोटीत बाबांना बसवू नका. कुठल्या काठाच्या आडोशाला जाणार, तिथून उतरायला वाट आहे का, तेही विचारा. उघड्या पाण्यावर वारा जितकं जास्त अंतर कापून येतो तितकी लाट मोठी होते. तुमच्या त्या दिवशी झालं ते हेच.

फोटोंबद्दल. हात लांब करून मासा कॅमेऱ्यापुढे धरला की तो दीडपट दिसतो, म्हणून मासा बघूच नका, माणसाच्या मागे बघा. सगळ्या फोटोंत झाडांना सारखीच पालवी, अंगात तोच शर्ट असेल, तर ते एक-दोन चांगल्या दिवसांचं भांडवल आहे. वेगवेगळ्या ऋतूंतले फोटो असतील, त्यात लहान मासे धरलेली माणसंही असतील आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेटं असतील, तर मला तो गाईड जास्त आवडेल.

हमीच्या मी विरोधात आहे. पैसे परत द्यायला लागू नयेत म्हणून गाईड तुम्हाला दिवसभर बोटभर माशांवर बसवतो. हमी पाळल्यासारखी होते आणि तुमचा दिवस वाया जातो.

आणि हे आधीच स्पष्ट करून घ्या की तो स्वतः गळ टाकणार नाही. एखादा गळ शिकवण्यासाठी टाकला तर हरकत नाही. पण त्याची नजर पाण्यावर, आभाळावर आणि तुमच्यावर हवी.

प्रतिसाद २

वरच्या सगळ्याला +१. परवान्याचं विसरू नका. बऱ्याच ठिकाणी मासे धरायचा परवाना वेगळा आणि पैसे घेऊन माणसं बोटीतून न्यायचा वेगळा असतो. तुमचा परवाना तुम्ही काढायचा की तो काढून देणार, हे लेखी विचारा. तपासणी झाली तर दांडी ज्याच्या हातात त्यालाही जाब विचारला जातो. हवामानामुळे रद्द झालं तर आगाऊ रकमेचं काय, तेही एका ओळीत लिहून घ्या. सगळे पैसे आधी देऊ नका.

प्रतिसाद ३

ताई, माझी आई ७८ वर्षांची आहे, तिला दोनदा नेलंय. काही गोष्टी नेल्यावरच कळल्या. पाठ असलेली खुर्ची हवी, नुसत्या बाकावर चार तास बसवत नाही. दर दोन तासांनी काठाला लावायचं हे आधीच ठरवा, मोठी माणसं लघवीला जायचं म्हणायला संकोचतात आणि मग पाणीच पीत नाहीत. धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना गाईड स्वतः खाली उभा राहून हात देतो का, ते पहिल्या मिनिटाला दिसतं.

जॅकेट अंगात घालूनच बसवा, शेजारी ठेवून उपयोग नाही. पाणी गार असेल तर माणूस पडल्याबरोबर पहिल्या मिनिटाला नुसता धापा टाकतो, श्वास आवरता येत नाही. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते दहाएक मिनिटं. तेवढ्यात पाण्यात जॅकेट चढवणं फार अवघड जातं. इंजिन बंद करणारी दोरी गाईड मनगटाला किंवा पट्ट्याला अडकवतो का, तेही बघा. तो एकटाच चालवणारा, तोच पडला तर बोट पुढे निघून जाईल.

आणखी एक, मला महत्त्वाचं वाटतं म्हणून. मासे परत सोडणार असाल तर किती खोलीवरून काढणार ते विचारा. काही जातींचा मासा खोलातून भरभर वर ओढला की त्याचं वाताशय (पोटातली हवेची पिशवी) फुगतं, डोळे बाहेर येतात, आणि सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही, तसाच तरंगत मरतो. ज्या गाईडला याची फिकीर आहे तो माणसांचीही फिकीर करतो, असा माझा अनुभव आहे.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोघांनाही फोन केला आणि तेच दोन प्रश्न त्याच शब्दांत विचारले.

पहिला म्हणाला, "ताई, तुम्ही त्याची काळजी करू नका, मासे दाखवायची जबाबदारी माझी." पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. वाऱ्याचं विचारल्यावर त्याने हमीचं सांगायला सुरुवात केली.

दुसरा म्हणाला, "भर दुपारी मी नेणारच नाही. उजाडायच्या आधी निघू, दहापर्यंत गरवू, मग काठाला सावलीत. चारनंतर वारा बघून पुन्हा पाण्यावर जायचं की नाही ते ठरवू." पाण्याच्या थरांचंही बोलला. सध्या मासा सात-आठ मीटरवर आहे, पहाटे मात्र कडेच्या गवताशी येतो आणि बाबांना तेच सोपं जाईल, असं म्हणाला. वाऱ्याबद्दल : "लाटांवर पांढरे तुरे दिसायला लागले की मी तुम्हाला न विचारता फिरतो. तेव्हा रागवायचं नाही." आणि मग विचारलं, बाबा दांडीवरचं दोरा गुंडाळायचं रीळ कुठल्या हाताने फिरवतात? बाबा डावखुरे आहेत. आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. मूठ दुसऱ्या बाजूला बसवून ठेवतो म्हणाला.

त्यालाच ठरवलंय. थोडी रक्कम आगाऊ, बाकीची परत आल्यावर, आणि हवामानामुळे रद्द झालं तर दुसरी तारीख, असं मेसेजवर लिहून घेतलं. खुर्चीचं आणि काठाला लावायचंही सांगितलंय.

एक प्रश्न राहिलाच. बाबांनी आज माळ्यावरून त्यांची जुनी बांबूची दांडी काढली आणि तासभर बसून तिला तेल चोळलं. तीच न्यायची म्हणतात. ती दहा फुटांची आहे, एकसंध, घडी होत नाही. छोट्या बोटीत तिघांमध्ये अशी लांब दांडी वापरणं धोक्याचं आहे का? कुणी वापरली असेल तर बाबांना कुठे बसवावं, तेही सांगा.