खलपात्राला विशेषण कोणते द्यावे, आणि द्यावे तरी का?

मूळ मुद्दा :
खलपात्राला 'दुष्ट', 'नराधम' अशी तयार विशेषणे चिकटवली की ते पात्र तिथेच संपते, असे माझे ठाम मत आहे. कारण जो निवाडा वाचकाने करायचा, तो लेखकाने पहिल्याच ओळीत देऊन टाकलेला असतो. समजा, एक काका पुतण्याची जमीन लाटतो आहे. 'त्या कपटी काकाने कागद पुढे केला' यापेक्षा 'काकांनी पुतण्याच्या सदऱ्यावरचे सूत अलगद उचलले, जेवलास का म्हणून विचारले आणि सहीची जागा बोटाने दाखवली' हे वाचताना अंगावर काटा येतो. इथे विशेषण नसलेलेच बरे.

प्रतिसाद १ :
मला हे पटत नाही. दोष विशेषणाचा नाही, ते पारखून न घेणाऱ्याचा आहे. 'निष्ठुर' माणसाला दुसऱ्याच्या दुःखाचे काही वाटत नाही, 'क्रूर' माणूस ते दुःख मुद्दाम देतो, 'खुनशी' माणूस वर्षानुवर्षे डूख धरून बसतो, 'पाताळयंत्री' माणसाचे डाव शेजारी बसणाऱ्यालाही कळत नाहीत, आणि 'बेरकी' म्हणताना तर थोडे कौतुकही मिसळलेले असते. तुमचा काका 'साळसूद' आहे. तुमच्या तीन कृतींचे काम हा एक शब्द करतो. प्रत्येक दुय्यम पात्रासाठी असा प्रसंग रचत बसलो, तर कथा पुढे सरकणार कधी?

प्रतिसाद २ :
छटांची चर्चा योग्यच आहे, परंतु 'काणा', 'कुबडा', 'काळाकभिन्न' हे शब्द आपण आजही दुष्टपणाची खूण म्हणून वापरतो, याचे मला अधिक वाईट वाटते. मंथरेच्या कुबडापासून चालत आलेली ही सवय आपण मोडलीच पाहिजे.

प्रतिसाद १ (पुन्हा) :
हे मात्र पूर्णपणे मान्य. जाता जाता एक सांगतो : 'दुर्योधन' म्हणजे वाईट योद्धा नव्हे, तर ज्याच्याशी लढणे कठीण असा, महाभारतात त्याला 'सुयोधन'ही म्हटले आहे. एकाच माणसाला कोण कोणत्या नावाने हाक मारतो, यावरूनही बरेच कळते.

मूळ लेखक :
'कोण म्हणतो' हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. 'साळसूद' हा शब्द मी स्वीकारतो, मात्र निवेदकाच्या तोंडी घालणार नाही. सही होऊन गेल्यावर, काकांचा चहाचा कप विसळताना, तो पुतण्याची आई उच्चारील.