कठोपनिषदातला रथ स्वतःला लावून वाचावा का?

प्रश्न: तिसऱ्या वल्लीत (म्हणजे प्रकरणात) शरीर रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. मला राग पटकन येतो, त्यामुळे हे माझ्याबद्दलच वाटतं. पण असं वाचणं म्हणजे ग्रंथावर आपलं मत लादणं नाही ना?

उत्तर: इथे नाही. त्या उपनिषदात यमाला प्रश्न विचारणाऱ्या नचिकेता या मुलाला यमानेच हे रूपक उलगडून सांगितलंय. गीतेतलं युद्ध मनातलं मानावं का, यावर मात्र मतभेद आहेत. गांधीजींनी तसं मानलं.

उत्तर: मी राग आला की विचारते, लगाम कुणाच्या हातात आहे? घोडे मारायला कुठेच सांगितलेलं नाही! इंद्रियं शत्रू, असं ऐकत वाढलेल्या मला याचा फार आधार वाटतो.

प्रश्नकर्ता: आणि सारथीच बेसावध असेल तर?

उत्तर: मंत्र ५ ते ९ वाचा, सावकाश. तेच तिथे आहे.