दोन कोन लघुकोन असूनही त्रिकोण लघुकोन का नाही?

प्रश्न
मुलीचा भूमितीचा गृहपाठ पाहताना मीच अडकलो आहे. एका त्रिकोणाचे ३५° आणि ४८° हे दोन कोन देऊन त्रिकोणाचा प्रकार विचारला होता. ९०° पेक्षा लहान तो लघुकोन, एवढे तिला पक्के ठाऊक असल्यामुळे तिने ‘लघुकोन त्रिकोण’ असे लिहून टाकले आणि त्यावर फुली मिळाली. दुसऱ्या उदाहरणात समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन ४०° होता. उरलेले कोन तिने ७०° आणि ७०° काढले, त्याला अर्धेच गुण आहेत. बेरीज तर बरोबर १८०° येते, मग चुकले कुठे?

उत्तर १
पहिल्या उदाहरणात तिसरा कोन काढायचाच राहिला आहे. लघुकोन त्रिकोण म्हणवून घेण्यासाठी तिन्ही कोन लघुकोन असावे लागतात. दोन लघुकोन तर प्रत्येक त्रिकोणात असतातच, कारण दोन कोन ९०° किंवा त्याहून मोठे असते तर १८०° तिथेच संपले असते आणि तिसऱ्यासाठी काहीच उरले नसते. येथे ३५ + ४८ = ८३ आणि १८० − ८३ = ९७, म्हणून हा विशालकोन त्रिकोण आहे. थोडक्यात, दिलेल्या दोन कोनांची बेरीज ९०° पेक्षा जास्त असेल तरच त्रिकोण लघुकोन असतो.

उत्तर २
समद्विभुज त्रिकोण काढताना एकरूप बाजू उभ्या काढायच्या आणि दिलेला कोन वरच्या शिरोबिंदूपाशी लिहायचा, ही आपल्या सगळ्यांच्याच हाताची सवय आहे. उदाहरणात मात्र ४०° चा कोन नेमका कुठला, हे सांगितलेले नाही. तो पायाशी असेल तर पायाचा दुसरा कोनही ४०° आणि वरचा १००° होतो. दोन्ही उत्तरे लिहायला हवी होती, म्हणून अर्धे गुण. याउलट १००° दिले असते तर उत्तर एकच असते, कारण पायाशी १००° चे दोन कोन मावतच नाहीत. दिलेला कोन लघुकोन असला की दोन शक्यता तपासाव्यात. अपवाद फक्त ६०° चा, कारण तिथे दोन्ही शक्यतांतून एकच समभुज त्रिकोण मिळतो.

उत्तर ३
उत्तर १ मधील शेवटच्या वाक्यात एक अट सुटली आहे. १००° आणि ३०° यांची बेरीज ९०° पेक्षा जास्त आहे, तरीही तो त्रिकोण लघुकोन नाही. दिलेले दोन्ही कोन लघुकोन असतील तेव्हाच ती कसोटी लावता येते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आज तिने पहिला त्रिकोण कागदावर काढून तिसरा कोन कोनमापकाने मोजला, तर तो ८३° भरला. आता ९७° खरे मानायचे की ८३°?

उत्तर ३
९७°. कोनमापकावर आकड्यांच्या दोन उलटसुलट रांगा असतात आणि ९७ च्या रेषेवरच दुसऱ्या रांगेत ८३ असतो. तिने चुकीची रांग वाचली आहे. मोजण्याआधी नुसत्या नजरेने पाहावे, हा कोन काटकोनापेक्षा किंचित जास्त उघडलेला दिसेल, म्हणजे ८३ आपोआप बाद होतो.

मात्र तो ८३ पुसून टाकू नका. त्या कोनाची एक बाजू शिरोबिंदूच्या पुढे वाढवली की बाहेर जो कोन तयार होतो, तो बरोबर ८३° चा असतो आणि ३५ + ४८ म्हणजेही ८३च. त्रिकोणाचा बाह्यकोन त्याच्या दोन दूरस्थ आंतरकोनांच्या, म्हणजे त्याला लागून नसलेल्या आतल्या दोन कोनांच्या, बेरजेइतका असतो, हा गुणधर्म तिला नकळत सापडला आहे. पुढच्या वेळी बाह्यकोन आणि एक दूरस्थ कोन दिलेला असेल, तर १८० पर्यंत न जाता सरळ वजाबाकी करून दुसरा दूरस्थ कोन मिळेल.