तातडीचं : भाचीच्या बॅगा, खोबऱ्याच्या वाट्या आणि साजूक तूप

मंडळी,
शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला निघायचंय आणि बॅगा अजून सोप्यात उघड्या पडल्यात. भाची म्हणजे तीच, जी जर्मनीला तुमच्याकडे शिकायला येतेय आणि जिच्या व्हिसापायी मी तुम्हा सगळ्यांना उन्हाळाभर भंडावलं. 23 किलोच्या दोन बॅगा आहेत, त्यातली एक आत्ताच 24.600 भरली. 5 किलो चटणी काल मिरची कांडायच्या डंकावरून आली, शेजारचेसुद्धा शिंकतायत. ती जाणारच, त्यावर चर्चा नको. प्रश्न बाकीचा आहे : ताईनं 2 किलो खोबऱ्याच्या वाट्या, साजूक तुपाचा डबा आणि नरसोबाच्या वाडीचे पेढे घातलेत. कुणी आणलंय का? ऐकीव नको, स्वतः आणलं असेल तरच लिहा.
– मावशी (सध्या मुक्काम शिवाजी पेठ)

मावशी,
तूप काढा. पेढेही काढा. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशानं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायचे नाहीत, असा नियम आहे आणि तूप दुधाचंच. खोबऱ्याचं कारण वेगळं. विमानवाल्यांच्या धोकादायक मालाच्या यादीत सुकं खोबरं आपोआप पेट घेणाऱ्या वर्गात आहे, यूएन 1363. तेलामुळे. मंडळाच्या नारळाच्या वेळी हे सगळं मी सविस्तर लिहिलं होतं, पण माझी पत्रं वाचतो कोण!
– खजिनदार

मी चार वेळा तूप आणलंय. कुणी विचारलंसुद्धा नाही. उगाच पोरीच्या आईला घाबरवू नका. आणि तुपाचा विषय निघालाच आहे म्हणून, मोदकांच्या तुपाचे पैसे मला अजून मिळालेले नाहीत.
– गणपती समिती

पकडलं नाही आणि चालतं, यात फरक आहे वहिनी. मी एकदा सापडलोय. विमानतळावर कस्टम्सच्या हिरव्या दारानं, म्हणजे 'दाखवण्यासारखं काही नाही' म्हणत निघालो होतो, साहेबानं बोटानं बाजूला बोलावलं, डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि डबा माझ्यासमोर पिंपात टाकला. आईनं घरी कढवलेलं तूप. दंड वाचला, पण तो 'धप्प' आवाज अजून कानात आहे. मोदकांचं बिल द्या, पैसे देतो. बिलाशिवाय नाही, हे समितीला माहीत आहे.
– खजिनदार

तूप-खोबरं राहू दे, कुकर कुठला घेतलाय ते सांगा. मी आणलेला हिंडालियमचा आहे आणि आमच्या होस्टेलात इंडक्शन. शेगडी नुसती टूं टूं करते. तीन सेमिस्टर झाली, कुकर कपाटावर आहे आणि त्यात माझे मोजे असतात. बुडाला चुंबक चिकटला तरच घ्या. रिंगा दोन जास्तीच्या टाका, शिट्टी मोज्यात गुंडाळा. आपली गोल दोन पिनांची पिन इथं बसते, तीन पिनांची नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी. एपीएस (पदवी तपासल्याचं प्रमाणपत्र), प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा (राहण्याच्या खर्चाचे पैसे ठेवलेल्या खात्याचा) कागद आणि भाडेकरार पाठीवरच्या सॅकमध्ये, चटणीच्या बॅगेत अजिबात नाही. पत्ता नोंदवायला दोनच आठवडे मिळतात. माझ्या मित्राचा करार तेलकट लाल झाला होता, काउंटरवरची बाई तो दोन बोटांत धरून बघत होती.
– तिसऱ्या सेमिस्टरवाला

5 किलो चटणी म्हणजे शेंगदाण्याची? खराब होईल ना.
– नवीन सभासद (पुणे)

शेंगदाण्याची कुठली? आमच्याकडे चटणी म्हटलं की कांदा-लसणाचीच. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला. तुम्ही तिला मसाला म्हणत असाल, म्हणा. बरणीत दाबून भरली आणि ओला चमचा घातला नाही, तर वर्षभर काही होत नाही.
– अण्णा

अण्णा, त्या चटणीतही खोबरं असतंच की. मग ती कशी चालते?
– नवीन सभासद (पुणे)

वाट्या वेगळ्या आणि भाजून कुटून चटणीत गेलेलं खोबरं वेगळं. मी इतकी वर्षं नेतोय, कुणी हात लावला नाही. मात्र प्रत्येक पुडी दुधाच्या दोन धुतलेल्या पिशव्यांत बांधा. आणि मावशी, पायताण देऊ नका. मी पहिल्या हिवाळ्यात मिजाशीत करकर वाजवत बाहेर पडलो. ओल्या बर्फात चामडं फुगलं, हीटरवर ठेवलं तर त्याचा पापड झाला. जाड कोटही इथंच मिळेल, तिथून कशाला वाहायचा! गूळ मात्र द्या, त्याला कुणी अडवत नाही.
– अण्णा

मंडळाचा 12 लिटरचा कुकर नक्की कुणाकडे आहे? संक्रांतीला लागणार आहे.
– गणपती समिती

समितीनंच नेला होता. नोंद आहे.
– खजिनदार

मंडळी, आभार.
तूप राहिलं. ताई अर्धा तास बोलली नाही, मग म्हणाली, तिथं लोणी मिळत असेल तर पोरीला कढवायला शिकवते. आत्ता गॅसजवळ तेच चाललंय, भाची फोनवर व्हिडिओ काढतेय. पेढे गाडीत मुंबईपर्यंत संपवायचे. ओला कढीपत्ताही निघाला, पायताणही निघालं. कुकरला फ्रिजवरचा चुंबक लावून बघितला, घसरून पडला. जावई नवा आणायला महाद्वार रोडला गेलेत. खोबऱ्याचं मात्र अण्णांचं पत्र ताईला मोठ्यानं वाचून दाखवलं ही माझी चूक. तिनं 1 किलो वाट्या भाजल्या, चटणीबरोबर परत डंकावर पाठवल्या आणि चटणी आता 6 किलो झालीय. बॅग 23.800. गुळाची ढेप काढू की जीन्स?
– मावशी

जीन्स.
– अण्णा